पानांची कड कुठवर मळली आहे?

कादंबरी परत आली की जमा करून घेण्याआधी मी तिची कड बघते. पुस्तक मिटायचं, पाठ डाव्या हातात धरायची आणि पानांची उघडी बाजू खिडकीकडे करायची. नव्या पुस्तकाची कड पांढरी किंवा फिकट पिवळसर असते. दहा-पंधरा घरं फिरून आलं की तिच्यावर मळाचा पट्टा उमटतो. बोटांचं तेल असतं, शेंगा फोडून तसेच लावलेले हात असतात, कापूस वेचणीच्या दिवसांतली बारीक धूळ असते. हा पट्टा कुठवर गेलाय ते बघायचं. काही कादंबऱ्यांचा पट्टा शंभरेक पानांनंतर फिकट होत जातो आणि दीडशेच्या पुढे कड कोरी. म्हणजे नेली सगळ्यांनी, शेवटापर्यंत कुणीच पोचलं नाही. रजिस्टरमध्ये मात्र ती ‘मागणी चांगली’ अशीच दिसते.

आमचं वाचनालय वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात आहे. ग्रामपंचायतीच्या मागची खोली, वर टिनं. शासनाच्या दप्तरी ‘ड’, म्हणजे सगळ्यात खालचा वर्ग. पुस्तकं थोडी अनुदानातून घेतलेली, थोडी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून आलेली, थोडी गाव सोडून गेलेल्यांनी आठवणीनं पाठवलेली. झाडण्यापासून बाइंडिंगपर्यंत सगळं मीच करते, आणि त्यातलं बाइंडिंग मला सगळ्यात जास्त आवडतं.

एखादी कादंबरी पकड घेते, एखादी रेंगाळते, असं आपण म्हणतो आणि त्याचं सगळं श्रेय नाही तर दोष लेखकाच्या वाक्यांना देतो. वाक्यांचा वाटा मोठा आहेच. पण कडा बघून बघून माझं मत पक्कं झालंय की कादंबरीची चाल ती आपल्याला कुठे थांबू देते यावरही तितकीच अवलंबून असते. आणि ही थांबायची जागा लेखक एकटा ठरवत नाही. अक्षरं जुळवणारा, पानं लावणारा, पुस्तक बांधणारा, सगळे मिळून ती ठरवतात.

आमचा एक वाचक आहे, पन्नाशीचा शेतकरी. रब्बीत तो हरभऱ्याला तुषारनं पाणी देतो. एका पट्ट्यात नोझल दोन-अडीच तास चालू ठेवायचे, मग पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात लावायचे. शेतीपंपाची लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की त्याला अख्खी रात्र वावरात काढावी लागते, आणि तो सोबत कादंबरी नेतो. मोटरच्या खोलीत बल्ब आहे, त्याखाली खाट टाकून वाचतो. कादंबरी निवडताना तो आधी प्रकरणं किती लांब आहेत ते बघतो. एकदा त्यानं मला नीट समजावून सांगितलं, “मॅडम, पाइप बदलाचा टाइम झाला अन् प्रकरण अर्ध्यात असलं, तं पाइप उचलतानी डोक्यात सारा गोंधळ राह्यते. वापस आलो का चार पानं मांगं जा लागते.” वीस-पंचवीस पानांचं प्रकरण त्याच्या एका पट्ट्यात बरोबर बसतं. साठ पानांचं प्रकरण असलं, तर गोष्ट कितीही चांगली असो, त्याची कादंबरी अर्ध्यातच परत येते.

तो आळशी वाचक नाही. थंडीत रात्री दोन वाजता ओल्या मातीत पाइप ओढून पुन्हा पुस्तकाकडे येणारा माणूस आहे. त्याच्यासारख्यांचा विचार करून प्रकरणं पाडली तर वाङ्मयाचा दर्जा खाली येईल, असं मला अजिबात वाटत नाही. आपल्या भाषेतल्या मोठ्या कादंबऱ्यांपैकी काही अशाच थांबत थांबत वाचल्या गेल्या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच क्रमशः आली. वाचकाला एक तुकडा मिळायचा, मग वाट बघणं. त्या वाट बघण्याच्या दिवसांत नायिका यमूचं काय होणार याची चर्चा घराघरांत होत असणार. आज ती एका बैठकीत वाचली तर काही ठिकाणी लांबण वाटते. मला वाटतं, आपण मधले दिवस काढून टाकलेत म्हणून.

‘श्यामची आई’ची कड तुम्ही कधी बघितलीय? आमच्याकडच्या जुन्या प्रतीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी मळलेली आहे. साने गुरुजींनी प्रकरणांना प्रकरणं म्हटलंच नाही, रात्री म्हटलं. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. एक रात्र वाचायची आणि दिवा मालवायचा. थांबायची जागा नावातच दिलेली आहे, आणि थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, कारण दुसरी रात्र होतेच.

उलट ‘रणांगण’ घ्या. विश्राम बेडेकरांची १९३९ ची कादंबरी, बारीकशी. बोटीवरचे मोजके दिवस, चक्रधर आणि हॅर्टा, आणि बोट बंदराला लागली की सगळं संपणार हे आधीपासून ठाऊक. हे पुस्तक जाड असतं तर चाललंच नसतं. उजव्या हाताखाली उरलेली पानं इतकी थोडी असतात की वाचताना त्या दोघांबरोबर आपलाही वेळ संपत चाललेला अंगठ्याला कळतो. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मध्ये चहालासुद्धा उठले नव्हते.

म्हणून मोबाइलवर कादंबरी वाचणाऱ्या आमच्या पोरांना मी नेहमी विचारते की, शेवट जवळ आलाय हे तुम्हाला कधी कळतं? बारावीतल्या एका मुलीनं सांगितलं की खाली टक्के दिसतात, पण तिकडे तिचं लक्ष जात नाही, आणि एकदम शेवटचं पान आलं तेव्हा तिला फसवल्यासारखं वाटलं. तिनं मग तीच कादंबरी कागदावरची नेली आणि शेवटची चाळीस पानं मुद्दाम दोन दिवस पुरवली.

दोन प्रसंगांच्या मध्ये सोडलेली जागा ही तर माझ्या अगदी जिव्हाळ्याची गोष्ट. लेखक सकाळचा प्रसंग संपवतो, एक ओळ कोरी सोडतो आणि रात्रीच्या प्रसंगाला हात घालतो. पानाच्या मधोमध ही कोरी ओळ सहज दिसते. पण ती पानाच्या अगदी तळाशी आली तर दिसणार कशी? खालचा समास आधीच कोरा असतो, त्यात ती मिसळून जाते. वाचणारा पान उलटतो आणि वावरातला माणूस अचानक नागपूरच्या दवाखान्यात. “मॅडम, मधातलं पान फाटलं वाट्टे,” असं म्हणून तीन-चार जणांनी मला एकच पुस्तक परत आणून दाखवलंय. पान फाटलेलं नव्हतं. अशा जागी तीन फुल्या छापल्या असत्या तर काम झालं असतं. आता अशी जागा सापडली की मी तिथे पेन्सिलीनं फुल्या काढून ठेवते. पुस्तकात लिहू नये असं मीच सगळ्यांना सांगते, पण या फुल्या मी हक्कानं काढते.

वाचक तर लिहितातच. प्रकरण संपल्यावर पान अर्धं कोरं राहतं, त्या जागेत मला वेचणीचे हिशेब सापडतात. १८, २२, २६ किलो, शेजारी नावाचं एकेक अक्षर, खाली बेरीज. घरची बाई संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून घेताना हाताशी पुस्तकच असतं. मी ते खोडत नाही. त्यातून मला कळतं की वाचणारी कुठे थांबली होती, आणि बहुतेक हिशेब प्रकरणाच्या शेवटीच असतात. प्रकरणाच्या ऐन मध्ये, ओळींवर लिहिलेला हिशेब मला अजून सापडलेला नाही.

आता अक्षरांबद्दल. आपल्या लिपीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. तेवढ्याच पॉइंटात, म्हणजे अक्षराच्या तेवढ्याच मापात, आपलं मूळ अक्षर लहान दिसतं, कारण वरची आणि खालची चिन्हंही त्याच उंचीत बसवायची असतात. हे छापणाऱ्याला माहीत नसतं असं नाही. पण पुस्तक छापलं जातं फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम सोळा पानं. मजकूर शेवटच्या फॉर्मच्या पुढे पाच-सहा पानं गेला की एक तर अख्खा नवा फॉर्म वाढवायचा, नाही तर ओळी आवळायच्या. कागद महाग, म्हणून ओळी आवळतात. जिथे २८ ओळी बसायच्या तिथे ३४ बसवतात. मग वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना चिकटायला येतात आणि पान काळं दिसतं. अशा पानावर कादंबरी हळू चालते. लेखकानं झपाट्यानं लिहिलेला पाठलागाचा प्रसंगसुद्धा तिथे रखडतो, कारण ओळ संपवून परत डावीकडे येताना डोळा चुकतो आणि तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली जाते. साठीच्या वाचकांना वाटतं, आपलीच नजर गेली. त्यांना मी हवेशीर छपाईची एखादी कादंबरी देते, ती ते आठवड्यात संपवून आणतात आणि चष्म्याचा नंबर तोच असतो.

कादंबरीतला संवादही डोळ्यांना हवा देतो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. नायिका कौतिकचा तो सगळा संसार, सतत खाली खाली जाणारा, खरं तर वाचायला जड जावा. पण आमच्याकडे ती भराभर वाचली जाते. पात्रं वऱ्हाडीत बोलतात. संवादाच्या ओळी आखूड, त्यामुळे पानावर मोकळी जागा, आणि ते बोलणं वाचणाऱ्याच्या कानात आधीच असतं. चौथीत शाळा सुटलेली एक आजी आहे. निवेदनाच्या ओळींवरून ती बोट फिरवत, अक्षर जुळवत जाते. कौतिक बोलायला लागली की बोट उचलते आणि मोठ्यानं, ठसक्यात, न अडखळता म्हणून टाकते. मी ते समोर बसून ऐकलंय. एकाच पानावर तिचे दोन वेग होते.

याच आजीमुळे मला बांधणीचं मोल कळलं. ती वाती वळताना वाचते. मांडीवर कापसाची पेळू, समोर जमिनीवर पुस्तक उघडं, एका बाजूला चष्म्याचं घर ठेवलेलं. दोन्ही हात गुंतलेले असतात. पान संपलं की मनगटाच्या मागच्या बाजूनं पान उलटते, म्हणजे वाती वळताना बोटांना लावलेली राख पुस्तकाला लागत नाही. हे फक्त जुजबंदी केलेल्या पुस्तकात जमतं. छापलेल्या कागदाच्या घड्या घालून जुज करायचे, प्रत्येक जुज मधोमध दोऱ्यानं शिवायचा आणि सगळे जुज एकमेकांना गुंफत न्यायचे. असं पुस्तक उघडलं की सपाट पडून राहतं. आजकालच्या बहुतेक कादंबऱ्यांत घड्यांची पाठ कापून टाकतात आणि सुट्या पानांना गरम सरस लावून कव्हर चिकटवतात. ते पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, सोडलं की मिटतं. हात मोकळे असलेल्या माणसापुरतंच ते पुस्तक आहे. आमच्या गावात दिवसा हात मोकळे कुणाचे असतात?

शिवाय आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात टिनाची खोली. सरस वाळून कडक होतो आणि पुस्तक मध्ये उघडलं की पाठ तडकते. मग एक पान सुटतं, त्याच्या मागे दुसरं, आणि पावसाळा लागेपर्यंत ऐन मोक्याची दहा-बारा पानं रबर लावून ठेवावी लागतात. रबर लावलेली कादंबरी कुणी आवडीनं नेत नाही.

अशी पुस्तकं मी दुरुस्त करते. सरस खरवडायचा, सुट्या पानांच्या गड्ड्या करायच्या, कडेनं टोच्यानं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचं. मग मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पाठीला मांजरपाटाची पट्टी. कडेच्या शिलाईत आतला समास जातो आणि पुस्तक सपाट पडत नाही ते नाहीच, पण पानं तरी जागेवर राहतात.

एक ६४० पानांची कादंबरी होती. “झोपून वाचा तं छातीवर पडते, बसून वाचा तं मनगट दुखते,” असं ऐकवून लोक ती परत करायचे. तिची कड पावणेदोनशे पानांपर्यंत मळलेली, पुढे कोरी. लेखकानं तिचे दोन खंड पाडलेले होते, पण दुसरा खंड सुरू होतो तिथे फक्त एक शीर्षकाचं पान. ती पाठीतून तडकली तेव्हा मी धीर केला आणि त्याच पानावर दोन पुस्तकं केली. दोन कव्हरं, दोन नंबर. वर्ष संपता संपता दोन्हींच्या कडा शेवटापर्यंत मळल्या. एक अक्षर बदललं नव्हतं. पहिलं पुस्तक संपलं की माणूस मिटतो, दम घेतो, काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान घेतो आणि मग दुसरं मागायला येतो. दुसरं कुणाकडे तरी गेलेलं असतं, म्हणून थांबावं लागतं, आणि थांबताना तो आपल्याआधी वाचलेल्याला गाठतो. एका घरातल्या दोघी जावांचं असंच चाललं होतं. मोठीकडे दुसरा खंड, धाकटीकडे पहिला. धाकटी रोज सांगायची, “जाऊबाई, तो वाचते का मरते, ते सांगू नका बरं.” मोठी सांगत नव्हती, पण स्वयंपाक करताना तिचा चेहरा बघून धाकटी काय ते ताडायची.

प्रत्येक जाड पुस्तकाचे तुकडे करावे असं माझं म्हणणं नाही. काही लेखकांना वाचकाला थांबू द्यायचंच नसतं आणि त्यांचं कारण खरं असतं. काही जण पानाचा चेहराच बदलून वेळ मोडतात. नेमाड्यांच्या ‘कोसला’त, १९६३ मध्ये, सलग चाललेल्या निवेदनात डायरीच्या तुटक नोंदी येतात. पान उघडताच दिसतं की नायक पांडुरंगाचे दिवस आता सुटे सुटे झालेत, वाचायच्या आधीच दिसतं. आणि लॉरेन्स स्टर्ननं तर १७५९ मध्ये ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या इंग्रजी कादंबरीत यॉरिक नावाचा पाद्री मरतो तिथे अख्खं पान काळं छापलं. शाईनं भरलेलं, एक अक्षर नाही. त्या पानाचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पुढे गेले नाही. जिथे थांबायला हवं तिथे त्यानं वाचकाला थांबवलं, आणि ते काम शब्दांकडून करून घेतलं नाही. असं पान आवळून, वाचवून, खर्च कमी करून छापता येत नाही. लेखकाच्या डोक्यात पान असावं लागतं आणि छापणाऱ्याला त्याचा मान राखावा लागतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी पुस्तकांच्या गाळ्यांवर गेले होते. अनुदानातून जी थोडी खरेदी करायची असते तिच्यासाठी एरवी मी सूचीवरून निवडते, आणि सूचीत नाव, पानं, किंमत एवढंच असतं. अक्षर किती मोठं, बांधणी कसली, प्रकरणं किती, काही कळत नाही. तिथे मात्र पुस्तक हातात घेता येत होतं. मी प्रत्येक कादंबरी मधोमध उघडून टेबलावर ठेवायची आणि हात काढून घ्यायची. मिटली की बाजूला. उघडी राहिली की मग ओळी बघायच्या, प्रकरणं बघायची, मग पहिलं पान वाचायचं. एका गाळ्यावरच्या माणसानं विचारलं, हे काय करता ताई? मी सांगितलं. तो म्हणाला, शिलाईला वेळ लागतो, प्रतीमागे खर्च वाढतो, गिऱ्हाईक किंमत बघतं. त्याचंही खरं आहे. पण मी त्याला म्हटलं की तीन वर्षांत पानं सुटणाऱ्या दोन कादंबऱ्यांपेक्षा शिवलेली एक मला परवडते, माझ्याकडे ती शंभर हातांतून जाते. त्यानं आतून एक जुनी प्रत काढून दिली, जुजबंदीची, दोरा अजून घट्ट. ती मी घेतली. तिची कड आता दोन-तृतीयांशापर्यंत मळलीय आणि सध्या ती हरभऱ्याच्या वावरात आहे.